एका बटणाची पेटी

कुंभकोणम्,
१२ जून २०२३

रघुअण्णास जयकुमारचा नमस्कार.

फोन न करता ईमेलवर पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तू मजला बोलू देत नाहीस, आणि हे काम सावकाश सांगण्यातलं आहे. मी एक लहान संगणक जोडायला घेतला आहे. तयार विकत मिळतो तो नव्हे. सुटे भाग मागवून, घरात बसून, माझ्या हातानं. पेटी चेन्नैहून आली. पितळेच्या पानाच्या डब्याहून थोडी मोठी. राजी म्हणाली, यात धड चकलीएवढे मुरुक्कू मावायचे नाहीत, संगणक कसला मावतो.

सध्या तरी तिचंच खरं आहे. बोर्ड पसरलेल्या पंजाएवढा, तो बसला. पण प्रोसेसरवरचा पंखा उंच निघाला, झाकण लागत नाही. वीजपुरवठ्याचा डबा आत ठेवला की त्याच्या तारांनीच पेटी भरून जाते. तुझं आयुष्य संगणकांच्या दुकानात, याच कामात गेलं, म्हणून तुला पुसतो.

मजला हवं ते असं. आवाज बिलकूल नको. वीज गेली आणि परत आली तर कुणी हात न लावता तो आपला आपण चालू व्हावा. आणि बटण एकच हवं, मोठं, तारेवर बाहेर काढलेलं, कुठंही ठेवता येईल असं. हिंदीच्या परीक्षांचे वर्ग आता घरूनच संगणकावर घ्यावे म्हणतो, त्यासाठी.

राजी बरी आहे. मीही बरा आहे. अक्षयाची काय खबर?

जयकुमार


पुणे,
१५ जून २०२३

प्रिय जय,

तुझं पत्र जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं. ‘तुला पुसतो’ आलं तेव्हा जावई म्हणाला, फडकं देऊ का? अरे, इथे लोक टेबल पुसतात, माणसाला विचारतात. तंजावूरकडे जाऊन तीनशे वर्षं झाली, तरी तुमच्याकडे कुणी कळवलं नाही वाटतं.

आता कामाचं. तो वीजपुरवठ्याचा डबा काढून टाक. लॅपटॉपला असतो तसा बाहेरचा अडॅप्टर घ्यायचा आणि आत फक्त एक छोटी पट्टी, ती बोर्डावरच उभी बसते. जागा होते आणि उष्णताही बाहेर राहते. पंखा बसका घे. किती उंचीचा चालेल ते पेटीबरोबरच्या कागदावर छापलेलं असतं, आणि तो कागद कुणी वाचत नाही, तूही वाचलेला नाहीस. बटणाच्या बारीक तारा बोर्ड आत बसवायच्या आधी लावून घे. नंतर तिथे बोट जात नाही आणि माणूस देवाधर्माचं सोडून भलतंच बोलायला लागतो. वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय बोर्डाच्या सेटिंगमध्येच असते. बोर्डाचं नाव कळव, कुठे आहे ते सांगतो.

पण हे सगळं कशासाठी, ते मला कळलेलं नाही. टीव्हीच्या मागे चिकटवायची तयार यंत्रं मिळतात, ती का नको? आणि एका बटणावर तू वर्ग कसा घेणार? पोरांनी उत्तर दिलं की बरोबरला एकदा दाबणार आणि चुकीला दोनदा? असो. म्हातारपणी हौस लागली तर लागू दे. मला बरंच वाटलं.

अक्षयाची खबर मोठी आहे. तिला दिवस गेले आहेत, पाचवा महिना चालू आहे. मुद्दाम कुणाला सांगितलं नव्हतं. आई असती तर भाचा म्हणून तिने सगळ्यात आधी तुलाच कामाला लावलं असतं, म्हणून तिच्या वतीने मी लावतो. तिरुक्करुगावूरला जाऊन त्या गर्भ राखणाऱ्या देवीच्या प्रसादाचं एरंडेल आण आणि पाठव. अक्षयाचा विश्वास नाही, पण बाटली कपाटात असलेली तिला चालेल म्हणाली.

तुझा,
रघुराम


कुंभकोणम्,
९ जुलै २०२३

रघुअण्णास,

बहुत आनंद झाला. राजीनं ऐकलं आणि स्वयंपाकघरातून तशीच ओल्या हातानं बाहेर आली. शुक्रवारी आम्ही तिरुक्करुगावूरला जाऊन आलो. बाटली कुरियरनं पाठवली आहे, कापसात गुंडाळून. कळा सुरू झाल्या की पोटावर चोळायचं, हे राजीनं कागदावर लिहून आत घातलं आहे.

तुझं सगळं ऐकलं. पट्टी आली, बसका पंखा आला. पण पंखा बसवताना प्रोसेसर माझ्या हातून सुटला आणि खाचेतल्या पिनांवर आडवा पडला. काही पिना वाकल्या असाव्यात. स्क्रूही हातात ठरत नाहीत, फार बारीक आहेत. दिवसाला थोडं थोडं करतो.

एक पुसायचं आहे. विचारायचं आहे, घे. आत्याचं शेवटचं आजारपण मजला नीट ठाऊक नाही. तेव्हा मी परीक्षेत होतो, आणि मग तार आली ती ती गेल्याचीच. तिचं आधी काय गेलं? हात की बोलणं? आठवत असेल ते लिही.

जयकुमार


पुणे,
१४ जुलै २०२३

प्रिय जय,

बाटली पोचली. अक्षयाने ती देवापुढे न ठेवता औषधांच्या खणात ठेवली, पण ठेवली.

पिना वाकल्या असतील तर बळजबरी करू नकोस. फोटो काढून पाठव. आणि लोहचुंबकाच्या टोकाचा पेचकस घे, स्क्रू पडतच नाही. इतकी साधी गोष्ट मी तुला सांगायची? लहानपणी आजोबांचं घड्याळ उघडून पुन्हा जोडणारा तू होतास. मी फक्त पहारा द्यायचो.

आईचं म्हणशील तर आधी हात गेले. विळीवर नारळ खवताना करवंटी सुटायची. आम्ही हसायचो, तीही हसायची. मग चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागली. मग एके दिवशी देवळातून येताना रस्त्यात बसली ती उठेना. बोलणं नंतर गेलं. शब्द जड व्हायला लागले, एकमेकांना चिकटायला लागले. बाहेरची माणसं म्हणायची, म्हातारीला काही पाजता की काय. डॉक्टर अर्धांगवायू म्हणाले. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, कारण दोन्ही बाजू गेल्या होत्या आणि डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं. शेवटी गिळता येईना. पाटी दिली होती, तिच्यावर ती उरलेल्या एका बोटाने रेघा ओढायची आणि आम्ही अंदाज करायचो. बहुतेक वेळा चुकायचो. चुकलो की ती डोळे मिटून घ्यायची. जय, हे मी कुणाला लिहून कधी सांगितलं नव्हतं. तुला हे आत्ताच का हवं झालं?

दुसरं एक. परवा फोनवर तुझी जीभ जड वाटली. दात काढलेस का? आणि टंकनात चुका फार होतात हल्ली, मागचं पत्र बारा ठिकाणी अडखळत वाचलं. चष्म्याचा नंबर बघून घे.

रघुराम


कुंभकोणम्,
६ ऑगस्ट २०२३

अण्णांना राजेश्वरीचा नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. देवनागरी मी यांच्याच हिंदीच्या वर्गात शिकले, लग्नाआधी. चुका असल्या तर त्यांच्या शिकवण्यातल्या समजा. मी लिहिते आहे हे त्यांना माहीत नाही.

तुमचं शेवटचं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं नाही. त्यांचा फोन उघडा राहिला होता, म्हणून मी वाचलं. त्यात तुम्ही चष्म्याचं लिहिलं आहे. अण्णा, चष्मा नाही. गेल्या पोंगलपासून त्यांचे हात जात आहेत. आधी खडू पडायचा. मग गुंडी लागेना. तंजावूरला दाखवलं, मग चेन्नैला. मज्जातंतू मरत जातात, म्हणाले, आणि स्नायूंना हुकूम पोचत नाही. औषध आहे, पण बरं करणारं नाही. हात, मग पाय, बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. वर्ग मे महिन्यातच बंद झाले. मुलांना वाटतं सर रजेवर आहेत.

ती पेटी त्यासाठी आहे. श्वासाचं यंत्र पलंगाखालच्या फळीवर येईल, त्याच्याशेजारी मावेल एवढी लहान हवी, आणि तिचा आवाज नको, नाहीतर श्वासाच्या यंत्राची घंटा मला ऐकू येणार नाही. एक बटण यासाठी, की शेवटी एखादं बोट किंवा पायाचा अंगठा उरेल. तुम्ही एकदा आणि दोनदा दाबायची चेष्टा केली होती. ते वाचून ते हसले होते. मला हसू आलं नाही.

सध्या ते रोज सकाळी फोनमध्ये आवाज भरून ठेवतात, पुढे पेटीतून बोलायला. पाणी. मान उचल. डास चावतो आहे. कूस बदल. अशा संगणकाला स्वतःचा मराठी आवाज असतो, तो त्यांनी मला ऐकवला. कुणीतरी तुमच्याकडचा माणूस आहे, बातम्या सांगतो तसा बोलतो. मी म्हटलं, मला घरात परका पुरुष नको. तेव्हापासून ते आपला आवाज भरतात, आमच्या बोलीत. आता शब्द चिकटायला लागले आहेत, म्हणून घाई आहे.

आणखी एक. तिरुक्करुगावूरहून येताना बसमध्ये ते म्हणाले, राजी, बरं झालं देवीनं आपलं ऐकलं नाही. मला फार राग आला. मूल व्हावं म्हणून मी त्या देवळात किती वर्षं तूप घेऊन उभी राहिले, ते त्यांनी पाहिलं आहे. घरी येईपर्यंत मी बोलले नाही. असं ते कधी बोलत नाहीत. आजारपणानं माणूस कडू होतो, असं मी समजते.

पेटी त्यांच्याकडून आता होणार नाही. रोज टेबलाशी बसतात, एक स्क्रू लावतात, तो पडतो, मी उचलून देते. तुम्ही या.

राजेश्वरी


पुणे,
१० ऑगस्ट २०२३

जय,

मला कळलं. राजेश्वरीवर चिडू नकोस.

मी काय काय लिहिलं होतं ते पुन्हा वाचलं. त्यावर आता काही लिहीत नाही.

पेटीला हात लावू नकोस. त्या वाकलेल्या पिना भिंगाखाली सरळ करता येतील, नाहीतर दुसरा बोर्ड मी घेऊन येतो. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारा कॅमेराही आणतो आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचतो. अक्षया म्हणाली, बाबा, इथे तुमचं काही काम नाही, जा.

रघुराम


कुंभकोणम्,
२० नोव्हेंबर २०२३

रघुअण्णा,

अक्षयाला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे वाचलं. फोटो राजीनं पडद्यावर मोठा करून दाखवला. तेल वापरलं की नाही, हे राजी पुसते.

हे पत्र डोळ्यांनी लिहितो आहे. एकेका अक्षराकडे पाहायचं. सावकाश होतं. तुझी पेटी पलंगाखाली आहे आणि तिचा आवाज नाही. वीज जाते, येते, ती आपली आपण उठते. डोळे थकले की बटण वापरतो. ते पायाच्या अंगठ्याखाली बांधलं आहे. भरलेली वाक्यं पडद्यावर एकेक करून उजळत जातात, हवं ते आलं की दाबायचं. मग मी बोलतो, माझ्याच आवाजात. काल राजीला म्हणालो, डाळीत हिंग जास्त आहे. मी डाळ खात नाही, नळीनं पोटात जातं, पण वासावरून कळलं. ती बहुत वेळ हसली.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. अक्षयाची सुटका होईपर्यंत थांबलो होतो.

जून महिन्यात, तुझं दिवस गेल्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात, चेन्नैच्या डॉक्टरांनी बोलावलं. मी एकटा गेलो. ते म्हणाले, हा आजार बहुतेकांना अवचित होतो, पण तुमचा तसा नाही. रक्तातून आलेला आहे. घरात आणखी कुणाला होता का? मी म्हणालो, वडील पन्नाशीत हातपाय वाळून गेले. तेव्हा मी लहान होतो, आणि गावात कुणी करणी म्हणत होतं. मग मजला आत्या आठवली. म्हणून तुला विचारलं. तू सगळं लिहिलंस, आणि तुझ्या पत्रात माझंच दुखणं पायरी पायरीनं उतरत गेलेलं होतं.

आजोबांकडून वडिलांना आणि आत्याला. वडिलांकडून मजला. आत्याकडून तुला आलं असेल किंवा नसेल. दोन्ही सारखंच शक्य आहे, असं डॉक्टर म्हणाले. तुला नसलं तर अक्षयालाही नाही, बाळालाही नाही. तुला असलं तरी आजार होईलच असंही नाही. रक्ताची तपासणी आहे. करायची की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवायचं.

सप्टेंबरात तू इथे होतास तेव्हा रोज सांगायचं ठरवत होतो. तू टेबलावर वाकून भिंगाखाली पिना सरळ करत होतास, टाचणीच्या टोकानं, एकेक. मग बोर्ड बसवलास, पट्टी उभी केलीस, तारा दुमडून कडेला बांधल्यास आणि झाकण सरकवलंस. ते बसलं. राजी म्हणाली, अण्णांचे हात बघा, जरा हलत नाहीत. तेव्हा तू माझ्याकडे पाहून म्हणालास, तुझी पेटी झाली, बघ तरी. मी पेटीकडे पाहत नव्हतो. त्या सगळ्या दिवसांत मी तुझ्या हातांकडे पाहत होतो.

राजीला हे सांगितलेलं नाही. आम्हांला मूल नाही, तिला कळून कुणाचं भलं व्हायचं नाही.

जयकुमार


पुणे,
१८ फेब्रुवारी २०२४

जयकुमार,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन महिने लागले. त्यात मी तुझ्यावर इतका चिडलो होतो की तुझं नाव निघालं की उठून जायचो. बायकोला वाटलं आपलं काही भांडण झालं. झालंच होतं, फक्त तुला माहीत नव्हतं.

मी साठीला टेकलो आहे. सकाळी फिरायला जातो, दुकानात बसतो, नातीला मांडीवर घेतो. तुझ्या पत्रानंतर शर्टाची गुंडी लावताना मी बोटांकडे बघतो. हातातून किल्ली पडली की जीव जातो. ती आधीही पडत होती. मला हे कळायला हवं होतं का, एवढं तरी तू मला विचारायला हवं होतंस. पण विचारायचं म्हटलं तरी ते सांगितल्यासारखंच झालं असतं, हेही मला कळतं. म्हणून आणखी राग येतो.

अक्षयाला सांगितलेलं नाही. तपासणी करणार नाही. हा विषय माझ्या बाजूने संपला.

राजेश्वरीचा फोन आला होता, की पेटी आता गरम होते आणि पंखा ऐकू येतो. खालच्या जाळीत कापसाची धूळ बसली असेल, तुमच्या गाद्यांची. तिला सांग, अडॅप्टर काढून जाळी मऊ ब्रशने साफ करायची, फुंकर मारायची नाही. तरी आवाज राहिला तर मी इथूनच इंटरनेटवरून जोडून घेऊन पंख्याचा वेग कमी करून देतो.

रघुराम


कुंभकोणम्,
३ मार्च २०२४

अण्णा,

जाळी साफ केली. आवाज गेला.

श्वासाचं यंत्र आता दिवसभर लागतं. एकदा छाती भरली तर घशाला भोक पाडून नळी घालतील. मग यंत्रावर वर्षं जातील. मजला ते नको. डोळेही जातील एक दिवस. मग मी आत जागा असेन आणि बाहेर कुणाला कळणार नाही. आत्यासारखं.

राजीला सांगितलं. ती पडद्याकडे पाठ करून बसते. तू सांग.

तुझ्यावर हे टाकतो आहे. रागावला आहेस तरी.

ज


कुंभकोणम्,
१२ मे २०२४

अण्णांना नमस्कार.

तेराव्याला तुम्ही आलात तेव्हा घरात माणसं होती, म्हणून बोलता आलं नाही. तुम्ही मला नळीबद्दल फोन केला होता, मी मध्येच ठेवून दिला होता. त्या दिवशी इस्पितळात काय झालं ते तुम्हालाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

एप्रिलमध्ये छाती भरली. अॅम्ब्युलन्समध्ये पेटी आणि तिचा पडदा त्यांच्या पायाशी ठेवला, सुट्या बॅटरीवर चालू. श्वासाच्या यंत्राचा मुखवटा घट्ट बांधला होता, मान एकीकडे पडली होती, कॅमेऱ्याला डोळे सापडेनात. अंगठ्याखालचं बटण तेवढं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चांगल्या होत्या. त्यांनी मला तमिळमध्ये विचारलं, अम्मा, नळी घालायची का, आत्ताच सांगावं लागेल. मी म्हटलं, घाला. मी विचार केला नाही. श्वास चालू राहायला हवा, एवढंच मला कळत होतं.

तेव्हा पेटी बोलली. त्यांचा चांगला, वर्गातला आवाज, जीभ जड व्हायच्या आधीचा. म्हणजे हे वाक्य त्यांनी अगदी सुरुवातीला भरून ठेवलं होतं, पाणी आणि डासांच्याही आधी, आणि मला एकदाही ऐकवलं नव्हतं. ‘राजी, घशात नळी घालू देऊ नकोस. मी शुद्धीवर राहून, विचार करून सांगतो आहे. तुला एकटीला बहुत कठीण जाईल, ते मजला ठाऊक आहे.’

सगळे थांबले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय म्हणतात?

अण्णा, त्या खोलीत ही भाषा मला एकटीला येत होती. मी म्हणू शकले असते, पाणी मागतात. मी म्हणू शकले असते, घाबरले आहेत. कुणाला कधी कळलं नसतं. यांची तमिळ माझ्याहून चांगली होती, यांना ते वाक्य तमिळमध्ये भरता आलं असतं, मग डॉक्टरांनीच ऐकलं असतं आणि माझ्याकडे काही आलं नसतं. त्यांनी तसं केलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांनी बटण पुन्हा दाबलं नाही. वाट पाहत राहिले.

मी तमिळमध्ये सांगितलं. बाईंनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, तुमची पत्नी सांगते ते खरं का? त्यांनी डोळे मिटून उघडले. मग धाप लागू नये म्हणून औषध दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मी हात धरून होते.

लोक म्हणतात, तुम्ही खूप केलंत. मी यांच्यावर रागावले आहे, अण्णा. जायचं त्यांचं होतं, पण बोलायला मला लावलं. हे ते एका नवऱ्याच्या विश्वासानं करून गेले की शिक्षकाच्या, ते मला कळत नाही. कधीतरी कळेल, किंवा नाही कळणार.

रक्ताचं मला आता कळलं आहे. पेटीतली पत्रं मी वाचली. बसमधलं त्यांचं बोलणं तेव्हा उलगडलं. त्या दिवशी मी त्यांच्याशी घरापर्यंत बोलले नव्हते.

पेटी पट्टीश्वरमला धनलक्ष्मीच्या घरी दिली. ती यांची जुनी विद्यार्थिनी, तिच्या आईचं बोलणं गेलं आहे. तिनं विचारलं, सरांचा आवाज काढून टाकू का? मी म्हटलं, काढ.

राजेश्वरी


पुणे,
२६ ऑगस्ट २०२४

राजेश्वरी,

तुझ्या पत्रानंतर मी तपासणी केली. तुझ्यासमोर ती खोली होती आणि तू खरं सांगितलंस. मग मी घरात बसून ‘विषय संपला’ म्हणत राहणं मला जमेना. एवढंच कारण, दुसरं काही मोठं नाही.

निकाल आला. माझ्यात आहे. आजाराची लक्षणं नाहीत, हात ठीक आहेत, डॉक्टर म्हणाले, कदाचित कधी येणारही नाहीत. आईला साठीत आलं होतं. मी त्याच वयात आहे.

अक्षयाला मागच्या महिन्यात सांगितलं. ती बाळाला भरवत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाबा, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?” मी म्हटलं, नोव्हेंबरपासून. “आणि काकांना?” मी म्हटलं, त्याला तू पोटुशी असल्यापासून. तिने बाळाचं तोंड पुसलं, उचललं आणि आतल्या खोलीत गेली. मी चपला घातल्या आणि घरी आलो.

त्यानंतर बरेच दिवस तिचा फोन नाही. नातीला पाहिलं नाही. तुझ्या नवऱ्याला मी तीन महिने जे दिलं ते मला मिळत होतं, आणि त्याबद्दल मला तक्रार करता येत नव्हती.

दुकानात मी एक दुसरी पेटी जोडायला घेतली आहे. तशीच लहान, तशीच बिनआवाजाची. कुणाला लागेल ते माहीत नाही. मला नाही लागली तर तुमच्या त्या डॉक्टरांकडे पाठवून देईन. हात चालतात तोवर जोडून ठेवायची, एवढं ठरवलं आहे.

गुरुवारी अक्षयाचा फोन आला. तिने तपासणीचं काही काढलं नाही, मीही काढलं नाही. तिला करायची की नाही ते तिचं तिने ठरवायचं. म्हणाली, “काकांनी आवाज कसा भरला होता? बोलणं चांगलं असतानाच भरायचा असतो ना?” मी हो म्हटलं. “मग रविवारी येते.”

काल ती आली. बाळाला आजीकडे दिलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून माझ्यासमोर बसली. माईक तिने धरला. मी आयुष्यभर बडबड केलेला माणूस, मला एकही वाक्य सुचेना. तिने घाई केली नाही. हात दुखायला लागला तेव्हा तिने माईक दुसऱ्या हातात घेतला आणि तशीच धरून बसली.

रघुराम